वहिनींच्या हातातलं खनिज

आमच्या खेळरात्रीत भांडण झालं ते ‘कटान’ नावाच्या पुठ्ठ्याच्या खेळातल्या एका कार्डावरून. कार्ड खनिजाचं, कोपऱ्यात भडंगाच्या तेलाचा पिवळा डाग पडलेलं. ते वहिनींच्या हातातून बेदाण्याच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, हातात गेलं आणि पुढचे पाच आठवडे सर आमच्यापैकी कुणाशी धड बोलले नाहीत. घराचे हप्ते भरणारी, पोरांच्या दहावीची काळजी करणारी माणसं पुठ्ठ्याच्या बेटावरून अबोला धरतात, हे बाहेर सांगायला लाज वाटते. पण पुढं मी एकेकाला गाठून त्या रात्रीबद्दल विचारलं, तेव्हा आम्ही सगळेच जे धरून बसलो होतो त्याच्या नेमकं उलटं निघालं. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय.

माणसं

आम्ही सहाजण. नावं सांगायची गरज नाही, कारण आमच्यात नावानं हाक कुणी मारतच नाही. सर ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यांनी इथल्या, सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळात, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नजरेखाली काढल्या. ते अजूनही सोंगटी उचलली की चाल झाली असं मानतात. डॉक्टर दातांचे. बेदाण्याचा मार्केट यार्डात बेदाण्याचा व्यापार, वहिनी त्याच्या बायको आणि बँकेत नोकरीला. धाकटी म्हणजे माझी चुलतबहीण, इंजिनिअरिंगला. आणि मी, खणभागात छपाईची प्रेस चालवणारा आणि हे सगळे खेळ विकत आणून घरच्यांच्या शिव्या खाणारा.

सुरुवात २०१९च्या ऑगस्टमधली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं त्या आठवड्यात बेदाण्याचं गावभागातलं घर पाण्यात होतं. तो, वहिनी आणि पोरं माझ्या विश्रामबागच्या फ्लॅटवर राहायला आली. लाइट नाही, फोन बंद. मेणबत्तीच्या उजेडात कॅरम आणि पोरांचा ‘व्यापार’. समोरच्या अपार्टमेंटमधून सर यायचे, डॉक्टर यायचे. पाणी उतरलं, घरातला चिखल काढून झाला, पण शनिवारी जमायची सवय राहून गेली.

खेळ

त्या रात्री टेबलावर ‘कटान’ होता. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. षटकोनी १९ तुकडे जोडून एक बेट मांडायचं. त्यावर वीट, लाकूड, मेंढी, गहू आणि खनिज देणाऱ्या जमिनी आणि एक ओसाड तुकडा. प्रत्येक जमिनीवर एक आकडा. दोन फासे टाकायचे, जो आकडा पडेल त्या जमिनीच्या कडेला ज्याची वस्ती असेल त्याला तो माल. त्या मालातून रस्ते, वस्त्या, शहरं. वस्तीला आम्ही वाडी म्हणतो. वाडीचा एक गुण, शहराचे दोन, सर्वांत लांब रस्त्याचे दोन. पहिल्यांदा दहा करील तो जिंकला. आपल्याकडे नसलेला माल दुसऱ्याकडून अदलाबदलीनं मिळवायचा. सात पडले तर दरोडेखोर उठतो. तो ज्या जमिनीवर बसेल तिचं उत्पन्न बंद आणि तिथल्या एका मालकाच्या हातातलं एक कार्ड न बघता ओढून घ्यायचं.

क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन माणसानं हा खेळ १९९५ साली बाजारात आणला आणि त्याच वर्षी जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातल्या खेळाचा मान त्याला मिळाला. टॉयबर दातांच्या कवळ्या वगैरे बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायचा. हे कळल्यापासून आमचे डॉक्टर हा खेळ घरचाच असल्यासारखे बोलतात, हरतात मात्र दर वेळी.

खेळ तीन किंवा चार जणांचा. आम्ही सहा. ही पहिली चूक, आणि ती माझी. धाकटीला डॉक्टरांच्या जोडीला बसवलं, मी बँकेवर बसलो. म्हणजे कार्डं वाटायची, सुटे द्यायचे आणि मध्येमध्ये उठून चहा टाकायचा.

ती रात्र

जुलैतला शनिवार. बाहेर धो धो पाऊस आणि दर अर्ध्या तासानं कुणीतरी फोन बघून ‘आयर्विनला किती?’ विचारणार. सांगलीकराचा पावसाळ्यातला हा श्वासच आहे. पातळी इशाऱ्याच्या ४० फुटांच्या बरीच खाली होती, तरी प्रश्न थांबत नव्हता.

जेवून बसायला पावणेनऊ झाले. वहिनी हा खेळ पहिल्यांदा खेळत होत्या. मी पुस्तिका हातात धरून चाळीस मिनिटं नियम सांगितले. कुठल्या बंदराला काय भाव, कुठलं कार्ड कधी खेळायचं, सगळं. फक्त एक सांगायचं राहिलं. आकड्यांच्या खाली बारीक ठिपके असतात. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी तो आकडा किती वेळा पडू शकतो ते त्यात दिसतं. सहा आणि आठला पाच-पाच ठिपके, तीनला दोन, बाराला एक. सरांना हे न सांगता माहीत होतं. वहिनींनी वाड्या मांडल्या त्या ‘इथं समुद्र आहे, छान वाटतंय’ म्हणून.

धाकटीनं तेव्हा काढलेला फोटो तिच्या फोनमध्ये होता. नंतर त्यावरून मी ठिपके मोजले. सरांच्या दोन वाड्यांना मिळून २३, वहिनींच्या दोन वाड्यांना १४. फासे पडायच्या आधीच त्यांचं निम्मं काम बिघडलेलं होतं.

बेदाण्याचा खेळ म्हणजे यार्डातला सौदा. ‘घे की वहिनी, मेंढी घे, तू पण काय आठवण ठेवशील.’ बायकोलाही तो टेबलावर वहिनीच म्हणतो. तो डॉक्टरांशीही देवघेव करी, वेळेला तोट्यात. सरांनी मात्र कुणालाच काही दिलं नाही. वहिनींनी दोनदा वीट मागितली, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. ‘समोरच्याला का मजबूत करायचं?’ बुद्धिबळात हे बरोबरच आहे.

आणि दरोडेखोर. सरांच्या हातात तो तीनदा आला. तीनही वेळा त्यांनी तो वहिनींच्या पाचाच्या मेंढीवर बसवला. ती वहिनींची सगळ्यात चांगली जमीन होती. खरं तर पुढं होता बेदाणा.

साडेअकराला चित्र असं होतं. सर नऊवर: दोन शहरं, तीन वाड्या, लांब रस्ता. बेदाणा आठवर: तीन शहरं, दोन वाड्या. डॉक्टर सहावर. वहिनी तीनवर, तासभर एकाच जागी.

आता पुढच्या चार पाळ्या नीट बघा. सगळं प्रकरण त्यातच आहे.

वहिनींनी फासे टाकले. सात. त्या रात्रीतला त्यांचा पहिला. त्यांनी आपल्या मेंढीवरचा दरोडेखोर उचलला, सरांच्या आठावर नेऊन ठेवला आणि सरांच्या हातातलं एक कार्ड ओढलं. ते खनिज निघालं. मधल्या वेळी डॉक्टरांनी भडंग खाऊन त्याच बोटांनी ते हाताळलं होतं, त्यामुळं कोपऱ्यात डाग होता आणि पाठीमागूनही ओळखू यायचा. म्हणजे वहिनींच्या हातात काय आहे हे टेबलावर सगळ्यांना माहीत. डॉक्टरांच्या पाळीत काही घडलं नाही.

मग सर. त्यांनी सरदाराचं कार्ड खेळलं (त्यानं सात न पडताही दरोडेखोर हलवता येतो), दरोडेखोर परत वहिनींच्या मेंढीवर बसवला आणि त्यांचं एक कार्ड ओढलं. वहिनींच्या हातात होती तेवढी एकच मेंढी सरांकडे गेली. फासे सरकवताना सर म्हणाले, ‘माझं पुढच्या पाळीला संपलं, बरं का.’

बेदाण्याची पाळी. त्याला एका वाडीचं शहर करायला तीन खनिजं आणि दोन गहू लागत होते. गहू होते, खनिजं दोनच. त्यानं नेहमीच्या सुरात हाळी दिली, ‘एक खनिज हवंय. मेंढी देतो.’

वहिनींनी डाग पडलेलं कार्ड पुढं केलं, मेंढी घेतली. बेदाण्यानं शहर उभं केलं. नऊ. मग त्यानं समोर पालथं ठेवलेलं एक कार्ड उलटलं. एका गुणाचं. दहा.

सरांनी हातातली कार्डं खाली ठेवली. आपटली नाहीत, ठेवली. तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, ‘घरचा हिशेब घरीच करायचा ना. आम्हाला कशाला बोलावलंत?’

बेदाणा हसायला गेला. वहिनी उठल्या, पर्स घेतली आणि खाली जाऊन गाडीपाशी पावसात उभ्या राहिल्या. छत्री माझ्या दारातच राहिली.

चौघांना विचारलेलं

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पुढं फक्त गुड मॉर्निंगची फुलं आणि पाण्याची पातळी. सर अंगठा दाखवायचे, तेवढंच. मला आधी सरांचंच पटलं होतं, हे कबूल करतो. नवरा-बायको एका टेबलावर, बायको तीनवर, नवरा आठवर. तिनं आपलं खनिज त्याला दिलं आणि तो जिंकला. आणखी काय पुरावा पाहिजे?

सरांना मी आमराईत फिरताना गाठलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ‘बुद्धिबळात दोघंच असतात. हरलो तर चूक माझी. इथं जो जिंकूच शकत नाही तो ठरवतो कोण जिंकणार. त्यानं अशा वेळी तटस्थ राहावं.’

बेदाणा यार्डात भेटला, सौदे आटोपल्यावर. त्याला भांडणाचं एवढं वाटलं नव्हतं, पण ‘तटस्थ’ हा शब्द ऐकून तो उखडला. ‘आम्ही रात्रभर सगळ्यांना माल दिला, वेळेला घाट्यात दिला. मग ऐनवेळी माल आमच्याकडं येणारच की. सरांनी दुकानाचं शटर खाली घेतलं होतं आणि गिऱ्हाईक आलं नाही म्हणून रडतायत.’

डॉक्टरांना भांडण झालंय हेच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, वहिनींना उशीर झाला म्हणून त्या गेल्या.

वहिनींकडे मी सर्वांत शेवटी गेलो, छत्री परत द्यायच्या निमित्तानं. त्यांनी चहा ठेवला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, ‘मला कुठं माहीत होतं यांच्याकडं ते गुणाचं कार्ड आहे?’

मी गप्प.

‘मला वाडी बांधायची होती हो. वीट होती, लाकूड होतं, गहू होता. मेंढी सरांनी नेली. आणि यांच्यानंतर माझीच पाळी होती. ते खनिज माझ्या काय उपयोगाचं? मी मेंढी घेतली. तासभर त्या वाडीच्या मागं होते मी.’

आता फोटो आणि आठवण जुळवून बघा. वहिनींच्या बाजूनं तो सौदा शंभर टक्के बरोबर होता. निरुपयोगी माल देऊन हवा तो माल, तोही स्वतःच्या पाळीच्या तोंडावर. त्यांच्या हिशेबात बेदाणा नऊवर जाणार होता, सरही नऊवर होते, आणि त्या तीनाच्या चार होणार होत्या. पालथं कार्ड त्यांच्यापासूनही लपलेलंच होतं. त्या रात्री हे कुणी विचारलं नाही. सरांनी नाही, मी नाही, नवऱ्यानंही नाही. त्याला वाटलं बायकोनं आपल्याला जिंकवलं, आणि तो मनातून खूश होता.

सरांना तटस्थपणा हवा होता, पण तो त्या टेबलावर नव्हताच. वहिनी नाही म्हणाल्या असत्या तर सर जिंकण्याच्या उंबऱ्यावर होतेच. म्हणजे ‘नाही’ हेही एकाच्या पारड्यातलं वजन. पण माझ्या मते हा वादही दुय्यम आहे. खरी गोम अशी की पुढं असलेल्या दोघांना मागं पडलेला माणूस खेळतोय हे दिसतच नव्हतं. सरांना तो पंच वाटला, बेदाण्याला गिऱ्हाईक वाटला. तिकडं वहिनींचा स्वतःचा डाव चालू होता, तीनाचे चार करायचा, आणि त्यांना तो नऊचे दहा करण्याइतकाच खरा होता.

हे मी सरांना जाऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. गणिताचा माणूस, साखळी त्यांच्या लगेच लक्षात आली: मेंढी त्यांनीच नेली, खनिज त्यांच्याच हातातलं, वीट त्यांनीच नाकारली. मी विचारलं, ‘दरोडेखोर तीनदा त्यांच्यावरच का?’ ते म्हणाले, ‘डॉक्टर कुरकुर करतात. बेदाणा उट्टं काढतो. वहिनी काही बोलत नाहीत.’ आणि मग स्वतःच्याच वाक्यावर थबकले.

माझी बाजू

यजमान म्हणून माझ्या चुका सरांपेक्षा जास्त होत्या. सहाजणांत चौघांचा खेळ काढला. नवख्या माणसाला बंदरांचे भाव सांगितले आणि ठिपके सांगितले नाहीत. जेवणानंतर तीन तासांचा खेळ सुरू केला. आणि भडंग कार्डांच्या शेजारी ठेवलं, त्याला तर माफीच नाही.

एक मुद्दा जाता जाता. लहानपणच्या ‘व्यापारा’त ज्याचं दिवाळं निघतं तो बाहेर जातो आणि जिंकणाऱ्याचे पैसे मोजत बसतो. हा खेळ ज्या अमेरिकी ‘मोनोपॉली’वरून आला तिच्या मुळाशी लिझी मॅगी या बाईचा खेळ आहे, १९०४ साली पेटंट मिळालेला. जमीनदारीत एक फुगतो आणि बाकीचे भिकेला लागतात, हे तिला दाखवायचं होतं. म्हणजे तिथं चीड यावी हाच हेतू होता. कटानमध्ये कुणी बाहेर जात नाही याचं फार कौतुक होतं. पण बाहेर जाणारा निदान पाय पसरून टीव्ही तरी बघतो. वहिनी तासभर टेबलाशी बसून, दर पाळीला फासे टाकून, रिकाम्या हातानं फासे पुढं सरकवत होत्या. याला सुटका म्हणायचं का, मला शंका आहे.

पहिला उपाय फसला

ऑगस्टच्या शेवटी परत जमलो. सर आले. वहिनींना म्हणाले, ‘त्या दिवशी मी चुकीचं बोललो.’ वहिनी म्हणाल्या, ‘असू दे हो सर.’ हे एवढ्यावरच मिटलं, आणि तेच बरं झालं.

मी डोकं लढवून ‘पॅन्डेमिक’ काढला होता. २००८चा, मॅट लीकॉकचा. यात एकमेकांविरुद्ध खेळायचंच नाही. जगभर चार रोग पसरतायत आणि सगळ्यांनी मिळून ते थांबवायचे. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. भांडणाला जागाच कुठं?

जागा होती. सगळ्यांची पानं उघडी आणि सगळ्यांचा हेतू एक, म्हणजे ज्याला सर्वांत लवकर कळतं तोच सगळ्यांचं खेळणार. ‘वहिनी, तुम्ही इकडे जा. डॉक्टर, ते कार्ड ठेवा, टाकू नका.’ सर मनापासून मदत करत होते. तिसऱ्या फेरीला धाकटीनं आपली पानं सरांसमोर ठेवली. ‘सर, तुम्हीच खेळा. मी चहा टाकते.’ आम्ही जिंकलो. टाळ्या फक्त सरांनी वाजवल्या.

दुसरा उपाय

तेव्हा लक्षात आलं की खेळ बदलण्यापेक्षा सरांची जागा बदलायला हवी. सर बोलले की बाकीचे गप्प होतात, तर नियमानंच सरांना गप्प बसवणारा खेळ पाहिजे.

तो आहे. ‘कोडनेम्स’, व्लादा ख्वातिल या चेक माणसाचा, २०१५चा. टेबलावर २५ शब्द मांडायचे. दोन संघ, प्रत्येकाचा एक म्होरक्या. कुठले शब्द कुणाचे हे फक्त म्होरक्यांना दिसतं: एका संघाचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात कुणाचेच नाहीत, आणि एक काळा. म्होरक्यानं एक शब्द आणि एक आकडा सांगायचा. त्यानंतर एक अक्षर नाही, भुवई नाही, खाकरणं नाही. काळ्या शब्दावर बोट ठेवलं की संघ तिथंच हरला. सहाजण असतील तर तीन-तीनची वाटणी आपोआप होते.

इंग्रजी शब्दांवर आमची मजल जात नव्हती, म्हणून प्रेसमध्ये उरलेल्या आर्ट कार्डाच्या पट्ट्या कटिंग मशीनवर कापून मराठी शब्द छापले. आणि इथं मराठी उघडली म्हणजे अशी उघडली! घाट डोंगरातला की नदीवरचा? पान झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं की पंगतीतलं? अंक नाटकाचा, मासिकाचा की गणिताचा? पाट बसायचा, पाण्याचा की दुसरेपणाच्या लग्नाचा? पट्टी गाण्याची, जखमेची, मोजायची आणि वर नगरपालिकेची. बेदाणा म्होरक्या असताना त्यानं ‘पाणी, तीन’ सांगितलं. घाट, पाट, पूल त्याच्या मनात होते. डॉक्टरांनी उत्साहानं पट्टीवर बोट ठेवलं. पाणीपट्टी. तो शब्द दुसऱ्या संघाचा निघाला. बेदाण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण त्याला बोलता येत नव्हतं.

मग सर म्होरक्या, त्यांच्या संघात वहिनी आणि धाकटी. सरांनी विचार करायला नेहमीसारखा वेळ घेतला. फरक एवढाच की तेवढ्यात बाकीचे गप्पा मारत होते, कुणी खोळंबलं नव्हतं. शेवटी म्हणाले, ‘एकोणीस, तीन.’

आकडा चालतो का यावर थोडी कुजबुज झाली. अर्थाशी संबंध असेल तर चालतो. वहिनींनी एक क्षणही लावला नाही. होडी. बरोबर. गच्ची. बरोबर. गावभागातल्या माणसाला एकोणीस म्हटल्यावर पुराशिवाय दुसरं काय आठवणार? धाकटी म्हणाली, ‘मेणबत्ती?’ वहिनी म्हणाल्या, ‘छे, पूल. आयर्विन.’ आणि बोट ठेवलं.

काळा.

सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, पुन्हा पाच आठवडे. ते म्हणाले, ‘माझीच चूक. पूल समोर काळा दिसत होता, तरी एकोणीस म्हणालो. मेणबत्ती म्हणजे पुराच्या वेळचा तो कॅरम हो, वहिनी.’

‘मग कॅरम म्हणायचं की, सर.’

‘कॅरम म्हटलं असतं तर तुम्ही राणी उचलली असतीत. राणी त्यांची आहे.’

बेदाणा खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

आता दोन महिन्यांतून एकदा कटान निघतो, वहिनींच्याच आग्रहावरून. चौघं खेळतात, दोघं दुसऱ्या खोलीत कॅरम लावतात, साडेनऊनंतर नवा खेळ मांडायचा नाही. वहिनी ठिपके मोजून वाड्या मांडतात आणि सरांकडं वीट मागतात. सर कुरकुरत का होईना, देतात. भडंगाला चमचा आला. डाग पडलेल्या खनिजाच्या जागी मी प्रेसमध्ये नवं कार्ड छापून घातलं. रंग जुळवायला दोनदा शाई बदलली, तरी पाठ थोडी गडदच आली. आता ते पूर्वीपेक्षाही लांबून ओळखू येतं.